गीझरची उलटतपासणी

जुना गीझर गळायला लागला की घरात तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'प्लंबरला बोलवा.' दुसरा म्हणतो, 'नवीनच घेऊन टाका.' तिसरा काही न बोलता खाली तांब्या ठेवतो, आणि पुढचे सहा महिने राज्य त्याचंच चालतं. मी अल्पमतातला: आधी उलटतपासणी, मग शिक्षा.

पाणी हा अट्टल खोटारडा साक्षीदार. निघतं वरच्या जोडातून, ओघळतं पाइपावरून, आणि थेंब धरतं भलत्याच कोपऱ्यात. म्हणून 'कुठून गळतंय' विचारण्याआधी 'कधी गळतंय' हे विचारावं. वीज एमसीबीवरून, म्हणजे मीटरजवळच्या डबीतल्या खटक्यावरून, बंद करावी. बाथरूमबाहेरच्या बटणावर विसंबू नये. मग सगळं फडक्याने खडखडीत कोरडं करून प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर फासावी. गीझर दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला निघालेल्या पोरासारखा दिसतो, पण अर्ध्या तासात पावडरीत ओल्या ओघळाची रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक धरावं.

फक्त तापतानाच गळतो आणि नंतर गप्प बसतो? मग बहुधा तो निर्दोष आहे. पंचवीस लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर गेलं की जवळपास 400 मिलिलिटरने फुगतं. म्हणजे भरलेली दोन फुलपात्रं. आत येणाऱ्या पाइपावर पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल, तर या दोन फुलपात्रांना परतीची वाट नसते. मग सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांना थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. 2 किलोवॉटच्या कॉइलला एवढं पाणी तापवायला पस्तीसएक मिनिटं लागतात. तेवढा वेळ टपटप ऐकावी, दुर्लक्ष करावं. थंड असतानाही टपटप चालूच असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षाराचा खडा अडकलाय. पाणी निवल्यावर त्याची दांडी दोन-तीनदा उचलून सोडावी, खडा वाहून जातो. नाही गेला तर व्हॉल्व्ह बदलावा, त्याच दाबाचा. घरगुती गीझरवर साधारण 8 बारचा असतो.

इथे एखादा हुशार माणूस व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारून देतो. गळती तत्काळ थांबते. पूर्वी न्हाणीघरात बंब असायचा, त्याचं तोंड वरून मोकळं, त्यामुळे आत दाब साठायचा प्रश्नच नव्हता. बूच मारलेल्या गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा खटका, एक दिवस चिकटला, की बंबाचा बॉम्ब होतो.

व्हॉल्व्ह कोरडा, आणि तरी दिवसरात्र, गार-गरम कसाही गळत असेल, तर कनेक्शन पाइप पाहावेत. अर्ध्या इंची नटाच्या आत रबरी वायसर असतो, तो उष्णतेने वाळून लाकडासारखा होतो. गरम बाजूचा आधी जातो. आपल्याकडे टेफलॉन टेप म्हणजे अंगारा, दिसेल तिथे लावायचा. पण या नटात पाणी अडवतो तो वायसर, आटे नव्हेत; तिथे टेपची गुंडी करून उपयोग शून्य. टेप लागते ती एल्बोत, म्हणजे कोपऱ्याच्या वाकड्या जोडात, बसणाऱ्या निप्पलला, म्हणजे आटेवाल्या आखूड नळीला. टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने दहा-बारा वेढे द्यावेत. उलटे दिले तर आवळताना सुटून येतात. आणि नट फिरवताना दुसऱ्या पान्याने टाकीचं निप्पल घट्ट धरावं. ते फिरलं तर आतलं काचेचं अस्तर तडकतं, आणि वायसरच्या कामाला गेलेला माणूस नवा गीझर घेऊन परततो.

खालच्या झाकणातून पाणी येत असेल आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) उडत असेल, तर कॉइलच्या फ्लॅंजचा, म्हणजे ती ज्या चकतीवर बसते तिचा, गॅस्केट (रबरी कडं) गेलाय. गीझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करावा, गरम नळ उघडा ठेवावा आणि खालचा गार पाइप सोडून टाकी रिकामी करावी. हवा शिरायला गरम नळ उघडा हवाच, नाहीतर पाणी आतच अडून बसतं. दोन बादल्या तयार ठेवाव्यात. जुना गॅस्केट 'बराय की अजून' म्हणून परत लावू नये. नवा बसवताना नट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावेत. कॉइल बाहेर आलीच आहे, तर लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवावी. बोअरच्या पाण्याने तिच्यावर चढवलेलं चुन्याचं चिलखत उतरतं.

तिथेच मॅग्नेशियमची कांडी दिसेल, किंवा दिसणार नाही. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजणं एवढंच तिचं काम. आतली तार उघडी पडली असेल तर दोनचारशे रुपयांसाठी मागेपुढे पाहू नये. घरात इतकं निमूट झिजणाऱ्याची चौकशी तो संपल्यावरच होते, हा भाग वेगळा.

सगळे जोड कोरडे, आणि तरी पत्र्याच्या कडेतून तांबूस पाणी? टाकीच सडली. दोन रंगांच्या गोळ्या मळून केलेली लांबी बाहेरच्या पत्र्यावर थापून काय होणार, भोक आतल्या टाकीला आहे. इथे मी दुसऱ्या पक्षाला मत देतो.

दुरुस्ती झालीच असेल, तर गरम नळ उघडा ठेवून पाणी सोडावं. नळ आधी फुसफुसतो, थुंकतो, मग सलग धार धरतो. ती धरेपर्यंत वीज चालू करायची नाही, कोरडी कॉइल काही सेकंदांत जळते. बाहेरून टॉवेल खांद्यावर टाकलेला कुणीतरी 'झालं का?' विचारत असतो. त्याला 'नाही' सांगावं.