कॅन्सरच्या पेशीत सर्दी पोसतात म्हणे

“हे लॅबवाले कॅन्सरच्या पेशीत सर्दी-खोकल्याचे विषाणू पोसतात म्हणे. आणि तेच सुईतनं आपल्याला टोचतात,” असं म्हणून नरसूनं मोबाईल सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि सोलापुरातल्या अशोक चौकातल्या आमच्या कट्ट्यावरचा शनिवार त्यात गेला. फॉरवर्ड नेहमीच्याच पठडीतला, लाल अक्षरं आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. पण नरसूचा नातू नुकताच आरएसव्ही नावाच्या, लेकरांच्या फुप्फुसाला धरणाऱ्या विषाणूनं धाप लागून दवाखान्यात राहून आलेला, त्यामुळं ‘सोड की बे’ म्हणायची कुणाची छाती होईना.

श्रीशैल पुण्यात एका लॅबमध्ये पेशी वाढवायचंच काम करतो. सुट्टीला आला होता, सापडला.

“मामा, पहिलं अर्ध खरंय,” तो म्हणाला. “जिवंत पेशी मिळाल्याशिवाय विषाणूला एकाचे दोन होता येत नाही. माणसाची साधी पेशी बाटलीत ठेवली तर ठरावीक वेळा विभागते आणि थांबते. कॅन्सरची थांबतच नाही.”

“म्हणजे धागा तुटला तरी चालूच राहणारा माग,” नरसू म्हणाला. चाळीस वर्षं टॉवेल विणणाऱ्या माणसाला ते लगेच कळलं.

मग श्रीशैल रंगात आला. बाटली आडवी ठेवतात. तळाला पेशींचा एकपदरी थर आणि वर गुलाबी पाणी. पेशींनी खाऊन ते आंबट केलं की पिवळं पडतं, मग बदलायचं. त्यात आरएसव्ही सोडला की काही दिवसांत शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गोळ्यात कितीतरी केंद्रकं दिसतात. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस मात्र ३७ अंशांवर नीट वाढत नाही, त्याला ३३-३४ लागतात, कारण नाकात तेवढंच असतं. “आणि टोचायचं म्हणाल तर कोव्हॅक्सिनचा विषाणू वाढवला आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. कोविशील्डचा, १९७३ च्या सुमाराला माणसाच्या गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींत. कॅन्सरच्या गाठीतली यातली एकही नाही. शिवाय शेवटी पेशी गाळून काढतात.”

नरसूचं समाधान झालं. इरफानभाईचं नाही. त्याचं मेडिकल आहे आणि २०२० सालचा मार्च तो अजून विसरलेला नाही. “ते राहू दे. बिघडलेल्या पेशीवर औषध तपासायचं आणि माणसाला लागू पडेल म्हणायचं, हे कसलं शास्त्र? कोविडवर क्लोरोक्वीन लॅबमध्ये चालतंय अशी बातमी आली आणि माझ्या काउंटरवर संधिवाताच्या पेशंटला गोळी उरली नाही. पुढं निघालं काय? शून्य.”

“इरफानचाचा, चुकीच्या आरोपीला धरताय,” श्रीशैल म्हणाला. “क्लोरोक्वीन चालतंय असं सांगितलं माकडाच्या त्या व्हेरो पेशींनी. ती कॅन्सरची नाहीच. त्याच वर्षी जर्मनीतल्या लोकांनी कालू-३ नावाच्या पेशीत तेच करून बघितलं. कालू-३ म्हणजे माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरची. तिच्यात क्लोरोक्वीननं काडीचा फरक पडला नाही.”

कारणही त्यानं सांगितलं. फुप्फुसाच्या पेशीवर एक एन्झाइम असतं. ते विषाणूचा काटा दारातच कापतं आणि विषाणू सरळ आत. व्हेरोमध्ये ते एन्झाइम नाही, म्हणून विषाणूला आतल्या आंबट पिशवीतनं फिरून जावं लागतं. क्लोरोक्वीन त्या पिशवीचा आंबटपणा मारतं, म्हणजे माणसाच्या फुप्फुसात विषाणू जी वाट धरतच नाही ती अडवतं. इथं खरी साक्ष दिली ती कॅन्सरच्या पेशीनंच. मला हा मुद्दा फार आवडला आणि मी तसं बोललोही, तर इरफानभाईनं माझ्याकडं असं बघितलं की जसा मी चहाचे पैसे बुडवलेत.

“म्हणजे फुप्फुसाची पेशी असली की झालं?”

“तेही नाही,” श्रीशैल प्रामाणिक माणूस आहे. “ए-५४९ पण फुप्फुसाच्याच कॅन्सरची. कोविडचा विषाणू धरायचा खुंटाच तिच्यावर जेमतेम. मुद्दाम बसवल्याशिवाय तिच्यात तो वाढतच नाही म्हटलं तरी चालेल.” ऱ्हायनोव्हायरस सी तर त्याहून वरताण. लेकरांना दम्यासारखी धाप लावणारा हा विषाणू २००६ पर्यंत कुणाला ठाऊकच नव्हता. नेहमीच्या पेशींत वाढेना, मग दिसणार कसा? तो सापडला जनुकांच्या खुणेवरनं.

इरफानभाईनं लगेच धरलं. “बघ! बाटलीत वाढेल तेवढंच तुम्हाला दिसतं.” हा पॉइंट त्याचा, त्यात वाद नाही. पेशीत विषाणू वाढवणं वेगळं आणि तिला फुप्फुसाबद्दल विचारणं वेगळं, एवढं तरी मला पटलं.

नुसतं ऐकत बसलेल्या मास्तरांनी आता चष्मा काढला. “पेशी कुणाची, ते कुणी विचारलं का?”

श्रीशैलचा आवाज जरा खाली आला. माणसाच्या अशा पेशींत सगळ्यात जुनी ती हीला. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतनं घेतलेली, तिला न विचारता. बाई त्याच वर्षी गेली. घरच्यांना कळायला विसाहून जास्त वर्षं लागली. आरएसव्हीसाठी आजही वापरतात ती एचईपी-२ पेशी घशाच्या कॅन्सरची म्हणून नोंदवलेली, आणि तीही शेवटी हीलाच निघाली. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी वेगवेगळ्या नावांच्या अठरा पेशी तपासल्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळणारा एका एन्झाइमचा प्रकार त्या सगळ्यांत मिळाला, गोऱ्या माणसांच्या म्हणून ठेवलेल्यांतसुद्धा. हीला हातांवरनं, पिपेटमधनं उडून सगळ्या बाटल्यांत घुसली होती.

“म्हणजे न विचारता घेतली, आणि वर लेबलही दुसऱ्याचं,” मास्तर म्हणाले. “कुटुंबाला काय मिळालं?”

“एका कंपनीनं २०२३ मध्ये समेट केला. किती दिले ते उघड नाही.”

यावर बराच वेळ आवाज चढले. नरसूचं म्हणणं, कापून टाकलेल्या गाठीवर कसला हक्क. मास्तरांचं म्हणणं, गाठीवर नसेल पण तिच्यावर धंदा झाला त्यावर आहे. मी मास्तरांच्या बाजूनं.

“मग जिवंत माणसाच्या नाकातली पेशी घ्या की सरळ,” इरफानभाई.

“घेतात. नाकात बारीक ब्रश फिरवून. ती वाढवून वरनं हवा लागू दिली की तीन-चार आठवड्यांत केसाळ अस्तर तयार होतं, अगदी नाकातल्यासारखं. ऱ्हायनोव्हायरस सी पण त्यात वाढतो. पण महाग जातं, फार दिवस टिकत नाही, आणि प्रत्येक माणसाचं नाक वेगळं वागतं.”

“सही घेता?” मास्तर.

“फॉर्मवर. मराठीत समजावून.”

“सोलापुरात घ्याल तेव्हा तेलुगू आणि कन्नडमध्येही छापा.”

“मला मराठी येतंय की ओ मास्तर,” नरसू म्हणाला, “पण नाकात ब्रश कुणाच्या बापाला घालू द्यायचा नाय.”