चाळीस रंगांचा डबा आणि तळ्यातला बास

‘तळ्यातल्या बाससाठी सात पक्के नियम’ असा एक मजकूर सध्या ज्याच्या-त्याच्या फोनवर येऊन पडतोय. बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि ल्यूर म्हणजे त्याला फसवायचं नकली आमिष. मलाच चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘जपून ठेव’ अशी ताकीदही दिली. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: बास रंग बघून चावतो, तेव्हा डब्यात सगळ्या छटा ठेवा. मोठा मासा हवा तर मोठा ल्यूर घ्या. फेक जितकी लांब आणि तळ्याच्या मध्याकडे, तितकी चांगली. पहाट आणि संध्याकाळ सोडून येऊच नका. जो ल्यूर एकदा चालला तो सोडू नका. लाइन, म्हणजे गळाची दोरी, फ्लोरोकार्बन नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचीच हवी, आणि ल्यूरला वास चोळलेला हवा. चावा जाणवला की त्याच क्षणी जोरात झटका द्या.

यातलं धादांत खोटं काहीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. प्रत्येक नियम कुठल्या तरी मोठ्या जलाशयावर, कुठल्या तरी ऋतूत, होडीत बसलेल्या कुणासाठी तरी खरा असतो. तळं म्हणजे एकर-दोन एकरांचं, फार तर दोन पुरुष खोल, काठावरून गळ टाकायचं पाणी. तिथे या नियमांचा क्रमच उलटा लागतो. मासा कुठे आणि किती खोलीवर बसलाय हे आधी, ल्यूर किती हळू न्यायचा हे त्यानंतर, मग आकार, आणि रंग अगदी शेवटी.

रंगापासून सुरुवात करू, कारण निम्मा मजकूर त्यावरच खर्ची पडलाय. बासला रंग दिसतात, यात वाद नाही. प्रश्न आहे कोणते. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बासच्या, म्हणजे आपल्या याच बासच्या, दृष्टीचा अभ्यास करून 2019 मध्ये निष्कर्ष छापले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. बासच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या निघाल्या, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. पुढे त्यांनी माशांना अमुक रंगाकडे गेलं की खाऊ मिळतो अशी सवय लावली. लाल किंवा हिरवा शिकवलेले मासे फारसे चुकले नाहीत. निळा शिकवलेले मात्र काळ्याशी गल्लत करत, आणि पोपटी-पिवळा, म्हणजे ल्यूरच्या पाकिटावर ज्याला शार्ट्रूज म्हणतात तो शिकवलेले पांढऱ्याशी.

हे वाचल्यावर मी माझा डबा उघडून बसलो. काळा, काळा-निळा, गडद निळ्यावर चमकी, काळ्यावर निळी चमकी. एका कप्प्यात दहा-बारा प्रकार, आणि मी दर वेळी ढग बघून, पाणी बघून, त्यातला ‘नेमका’ निवडत होतो. बासच्या लेखी तो सगळा कप्पा जवळजवळ एकच. शेजारच्या कप्प्यात पांढरे आणि शार्ट्रूज वेगवेगळ्या पुड्यांत ठेवले होते, तीही हौसच. एवढ्या छटा बनवणाऱ्यांना मासा गळाला लावायचाच नसतो, त्यांना आपल्याला लावायचं असतं, आणि मी चांगला लागलो होतो.

रंगाला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी वर्म, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं नकली गांडूळ, बुजवत नाही. गढूळ पाण्यात किंवा अंधार पडत आला की काळा चालतो, कारण बास बहुतेक वेळा खालून वर बघतो आणि उजळ पाण्यावर काळी आकृती ठळक दिसते. तिसरा पांढरा, लहान माशांच्या थव्यामागे बास लागले असतील तेव्हा. तीन रंगांत माझं काम भागतं. पाणी फारच गढूळ असेल तर रंग बदलत बसण्यापेक्षा थरथर वाढवावी. बासच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली मंद कंपनं टिपते. म्हणून तिथे स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या धातूच्या पात्याचा ल्यूर, घ्यायचा झाला तर लांबट पात्याचा नको, गोल पात्याचा घ्यावा. गोल पातं हळू ओढलं तरी धडधडत फिरतं, ते आपल्याला रॉडच्या मुठीतसुद्धा जाणवतं.

‘लांब फेका, मध्यावर फेका’ या नियमाने माझ्या मते लोकांचं सर्वात जास्त नुकसान केलंय. मधोमध काय असतं? बहुतेक तळ्यांत सपाट गाळ. ना आडोसा, ना सावली. त्यातून भर उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वर गरम आणि खाली थंड. खालच्या थरात वरची हवा पोचत नाही आणि कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायू खाऊन टाकतो. खतावलेल्या, शेवाळी तळ्यात दोन-तीन मीटरखालचं ते ‘गार, खोल, मोठ्या बासचं’ पाणी उन्हाळ्यात बऱ्याचदा माशाला राहण्याजोगंच नसतं. कडाक्याच्या थंडीत गोष्ट वेगळी, तेव्हा मासे खोलाकडे सरकतात आणि हालचालही मंदावते. पण मजकुरात ऋतूचा उल्लेखच नाही.

बास असतो काठाला. पाणवनस्पतींची कड, पडलेलं झाड, बांधाच्या दगडांचा कोपरा, पाणी आत येतं ती मोरी, झुकलेल्या फांदीची सावली. आणि आपण काय करतो? धपधप चालत थेट पाण्याला भिडतो आणि पायाजवळच्या माशाला पळवून लावून चाळीस मीटर लांब ल्यूर फेकतो. आता मी पाण्यापासून चार-पाच पावलं मागेच थांबतो. पहिली फेक काठाला समांतर, काठापासून हातभर अंतरावरून जाईल अशी. ल्यूरचा निम्मा प्रवास गवतावरून झाला तरी चालेल. दुसरी फेक त्याहून थोडी बाहेर. मध्याकडे फेकायची वेळ आली तर ती सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकदा येतच नाही.

या काठच्या पाण्यासाठी मला एकच ल्यूर निवडायला सांगितला, तर तो पाच इंची, काडीसारखा सरळ, मऊ प्लॅस्टिकचा वर्म. दिसायला इतका सामान्य की डब्यात हात त्याच्याकडे जात नाही. त्याच्या बरोबर मध्यात हुक टोचायचा, वजन लावायचं नाही, आणि झुडपाच्या कडेला अलगद पडू द्यायचा. पडला की रील फिरवायची नाही. वर्म आडवाच खाली जातो आणि त्याची दोन्ही टोकं आपोआप थरथरतात. आपण बघायचं ते पाण्यावरच्या लाइनकडे. ती सैल वळणं घेत पडलेली असते, एकेक वळण हळूहळू पाण्यात ओढलं जातं. मग कधी एक वळण टिचकी मारल्यासारखं उडतं, कधी लाइन आडवी चालू लागते, आणि कधी वर्म तळाला लागायच्या आधीच लाइन थांबते. तो चावा. हाताला अजून काहीच कळलेलं नसतं.

शेवाळ दाट असेल तर तोच वर्म दुसऱ्या पद्धतीने: पुढे साडेतीन ते पाच ग्रॅमचं गोळीसारखं शिसं किंवा टंगस्टन, मागे तीन-शून्य मापाचा वाकडा हुक, आणि हुकाचं टोक पुन्हा प्लॅस्टिकमध्येच लपवलेलं. टेक्सास रिग म्हणतात ती हीच. दोन-दोन तिहेरी हुकांचा क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक ल्यूर, अशा तळ्यात फेकला तर दर फेकीला हिरव्या झुपक्यांचा गजरा घेऊन परत येतो. तळ्यात ल्यूर निवडताना हा प्रश्न रंगाच्या किती तरी आधी यायला हवा: हा इथून अडकल्याशिवाय जाईल का? मऊ वर्म 1949 च्या सुमारास ओहायोत निक क्रीम यांनी बनवला, तेव्हापासून तो टिकून आहे याचं मोठं कारण हे आडोशातून सरपटत जाणंच असावं. जाता जाता, फाटलेले वर्म पाण्यात टाकू नका. मासे ते गिळतात आणि ते पचत नाहीत.

आता ‘मोठा ल्यूर, मोठा मासा’. याच्या बाजूने हमखास दिलं जाणारं उदाहरण जपानच्या बिवा सरोवरातलं. 2009 मध्ये मनाबू कुरिता यांनी तिथे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास जिवंत ब्लूगिल, म्हणजे बासचं नेहमीचं भक्ष्य असलेला लहान मासा, लावून पकडला आणि 1932 पासूनच्या जॉर्ज पेरी यांच्या जॉर्जियातल्या विक्रमाशी बरोबरी केली. खरं आहे. पण बिवा हे जपानचं सर्वात मोठं सरोवर आणि ते आमिष जिवंत होतं. त्यावरून एकरभर तळ्यात हातभर प्लॅस्टिक फेकण्याचा नियम निघत नाही.

बासचं तोंड प्रचंड उघडतं. आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ब्लूगिल तो गिळू शकतो. म्हणजे तीस सेंटिमीटरच्या बासलाही दहा सेंटिमीटरचं भक्ष्य चालतं, आणि तळहाताएवढं पोर आपल्या निम्म्या लांबीच्या ल्यूरवर तुटून पडताना कुणीही पाहिलेलं असतं. मोठ्या ल्यूरने लहान मासे गाळले जातात, हे थोडंफारच खरं. त्याहून महत्त्वाचं, तळ्यात मोठा मासा आहे का? पकडलेला बास हातात घेऊन नीट बघा. डोकं मोठं, पोट आत गेलेलं, अंग पट्टीसारखं, आणि एकामागून एक सगळे त्याच मापाचे निघत असतील, तर तळ्यात बासची गर्दी झाली आहे आणि खाणं पुरत नाही. तिथे कुठल्याही मापाचा ल्यूर काही करणार नाही. नियम परवानगी देत असतील आणि तळ्याच्या मालकाची हरकत नसेल, तर अशा वेळी वीस ते तीस सेंटिमीटरचे काही बास काढून खाणं हाच उपाय. सगळेच सोडून देणं तिथे पुण्याचं नाही.

पहाटेचं कौतुक मलाही आहे, पण ते निसर्गशोभेसाठी. वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात रात्रभर झाडं आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, बनवत नाहीत. त्यामुळे उकाड्याच्या दिवसांत त्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं ते नेमकं उजाडताना. वसंताच्या सुरुवातीला पाणी गार असताना उलट दुपारच सरस: ऊन खाल्लेल्या उथळ काठाचं पाणी अंशभर जरी तापलं, तरी मासे तिकडे येतात. भर उन्हात तरंगत्या पानांच्या जाडसर थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढून बघा. त्या छपराखाली सावली असते आणि सावलीत बास. एक पथ्य तेवढं पाळा. पाणी साधारण 16 ते 20 अंशांवर आलं की बास उथळात घरटी करतात आणि नर राखणीला बसतो. भूक नसली तरी तो चावतो, घरट्यात आलेली वस्तू हाकलायची म्हणून. त्याला उचलून फोटो काढत बसलात, तर तेवढ्यात ब्लूगिल अंडी साफ करतात.

‘चाललेला ल्यूर सोडू नका’ हा नियम मोठ्या पाण्यावर चालून जातो, कारण तिथे रोज नवा मासा भेटतो. तळ्यातले मासे तेच ते. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या प्रायोगिक तलावावर 1975 पासून चार वर्षं प्रत्येक पकडीची नोंद ठेवली गेली. एक बास पहिल्या दोन दिवसांत तीनदा सापडला, एक वर्षभरात सोळा वेळा. शेवटी पाणी काढून टाकलं तेव्हा सतराशेंवर मासे निघाले, आणि त्यांतले सुमारे दोनशे एकदाही गळाला लागलेले नव्हते. सहज सापडणारे आणि न सापडणारे यांची वेगळी पैदास केली, तर हा स्वभाव पिल्लांमध्येही उतरला. तेव्हा तुमचा ‘हमखास’ ल्यूर कदाचित त्याच आठ-दहा भोळ्या माशांना पुन्हा पुन्हा वर आणतोय. वरच्या खळबळीला कंटाळलेल्या तळ्यात मी खालून, हळू, आवाज न करता काहीतरी देतो. वर्म आठवडाभर चालला की पांढरा स्पिनरबेट काढतो.

लाइन आणि वास यांचं थोडक्यात आटोपतो. फ्लोरोकार्बन पाण्यात बुडतो, त्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या पॉपर नावाच्या ल्यूरचं नाक तो खाली खेचतो. तिथे साधा नायलॉन बरा, आणि पानांवरच्या बेडकासाठी जाड वेणीची लाइन. वासाचं म्हणाल तर बास मुख्यतः नजरेने शिकार करतो. वासामुळे किंवा मिठामुळे तो वर्म क्षणभर जास्त तोंडात धरत असेल, पण भरभर ओढलेल्या ल्यूरला अत्तर लावून उपयोग नाही. काडीच्या वर्ममधल्या मिठाचा खरा फायदा वजनाचा आहे. त्यानेच तो बिनशिशाचा बुडतो.

राहिला झटका. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, हे पापणी लवायच्या आत होतं, आणि नको असलेलं तो तितक्याच चटकन थुंकतो. यावरून ‘लगेच झटका’ हे पटतं. टेक्सास रिगला ते बरोबरही आहे, कारण हुकाचं टोक आधी प्लॅस्टिकमधून बाहेर यायचं असतं. मध्यात टोचलेल्या वर्मला मात्र सैल लाइन गोळा करून रॉड नुसता बाजूला झुकवला की पुरे. क्रँकबेटचे तिहेरी हुक आपले आपण रुततात. झटक्याने ते तोंड फाडून निघतात. आणि बेडूक? पाणी फुटलं, पानं उडाली, छातीत धस्स झालं, तरी हात हलवायचा नाही. निम्म्या वेळा माशाने पानांसकट हवाच गिळलेली असते. बेडूक दिसेनासा झाला, लाइन ताणली आणि रॉडच्या टोकाला माशाचं वजन आलं, की मग दोन्ही हातांनी.