ड्रोन उतरल्यानंतरचे हाल

२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन हौसेसाठी उडवायला आपल्याकडे पायलटचं लायसन लागत नाही. २०२१च्या ड्रोन नियमांत त्याला ‘नॅनो’ म्हटलंय, आणि हिरव्या झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर हिरवा रंगवलेल्या मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत जायला कुणाची परवानगी काढावी लागत नाही. सरकार एवढं उदार कसं झालं याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. आता वाटत नाही. माणूस उडवून उडवून किती उडवेल, शेवटी त्याचा व्हिडिओ एडिट करायला बसेल आणि तिथेच अडकून पडेल, हे त्यांना ठाऊक असणार. लायसन ठेवायचंच होतं तर त्या टप्प्यावर ठेवायचं.

ड्रोन मूळचा मुलाचा. २०२२च्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, त्याच्या आधी त्याने हौसेने घेतला होता. मग त्याचं लग्न झालं आणि ड्रोन माळ्यावर गेला. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर ‘आईला काहीतरी विरंगुळा हवा’ या सदराखाली तो माझ्या नावे वर्ग झाला.

नाशकात ड्रोन उडवायचा म्हणजे आधी नकाशा उघडायचा. देवळालीला तोफखाना, ओझरला विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. हे सगळं टाळत टाळत जो मोकळा हिरवा तुकडा सापडला, ते थेट माझं माहेर निघालं. इगतपुरी तालुका, घोटीच्या पुढे. पावसाळ्यानंतर भाताची खाचरं, लांबवर कळसूबाईचं टोक, आणि शेतांवरून पळणाऱ्या ढगांच्या सावल्या. वरून ते इतकं सुंदर दिसतं की बटण बंद करवत नाही. आणि खरं दुखणं इथूनच सुरू होतं.

फोर-के, म्हणजे फार बारीक ठिपक्यांचा व्हिडिओ. मिनिटाला साधारण ७५० एमबी. एक बॅटरी जेमतेम संपवून खाली उतरलं की कार्डात १५ जीबी ढग. आम्ही बँकेत दिवसअखेर व्हाउचरं मोजायचो. इथे रोज सावल्या मोजायच्या. शिवाय ड्रोन आवाज रेकॉर्डच करत नाही, कारण केला तरी पंख्यांच्या घरघरीशिवाय काय येणार? हे मी सगळ्यांना समजावून सांगते. तरी प्रत्येक वेळी वहिनी म्हणतात, “आवाज का बंद केलाय? वाढवा की.”

पहिल्यांदा फाइल लॅपटॉपवर उघडली तेव्हा नुसता काळा पडदा. व्हिडिओ एच २६५ या प्रकारातला होता आणि माझ्या विंडोजला तो वाचण्यासाठी वेगळा तुकडा विकत हवा होता. आता चित्र दिसत नाही, आणि आवाज तर मुळातच नाही. म्हणजे व्हिडिओ चालू आहे याचा पुरावा फक्त खाली सरकणारे सेकंद. नवऱ्याने शेजारी बसून ते निष्ठेने पाहिले आणि म्हणाला, “रात्रीचं शूटिंग आहे का?” शेवटी व्हीएलसी टाकलं, ते फुकट आहे आणि सगळं खातं. पण व्हीएलसीत पाहता येतं. मला कापायचं होतं.

माझी मागणी काय, तर नको तेवढं कापायचं, उरलेलं जोडायचं, खाली एक गाणं टाकायचं. एवढंच. असं सोपं सॉफ्टवेअर सुचवा, असं मी चार लोकांत बोलून बसले. त्याने काय होतं ते आता मला माहीत आहे. तब्येतीचं विचारलं तर लोक निदान आधी ‘काय होतंय?’ म्हणतात. सॉफ्टवेअरचं विचारलं की थेट औषध.

मुलगा म्हणाला, “आई, डाविंची रिझॉल्व्ह. डोळे मिटून घे. सिनेमावाले वापरतात, आणि फुकट व्हर्जनमध्ये फोर-के बाहेर काढता येतं.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उघडलं तर खाली सात दालनं: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन (चित्रावर करामती करायचं), कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. त्याचं माहितीपुस्तक तीन हजारांहून जास्त पानांचं आहे. कंपनीच सांगते की १६ जीबी मेमरी हवी, आणि माझ्या लॅपटॉपला ८. पोहे करायचे म्हणून लग्नाच्या आचाऱ्याची भट्टी पेटवावी, तसं ते प्रकरण. कलरच्या दालनात मी एक वक्ररेषा थोडी ओढून पाहिली, तर आमचं खाचर जांभळं झालं.

घोटीत लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, “मॅडम, एडियस घ्या. आपलं लग्नाचं सगळं काम त्याच्यावरच चालतं.” आणि उत्साहाच्या भरात त्याने माझ्याच क्लिपवर नमुना करून दाखवला. भाताच्या शेतावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या, डावीकडून एक हृदय आलं, उजवीकडून दुसरं आलं, आणि मध्ये नावांसाठी जागा रिकामी. “इथे काय टाकू?” त्याने विचारलं. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भातच होता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांचं मत, “ताई, विंडोज काढूनच टाका. लिनक्स घाला, केडेनलाइव्ह वापरा, आयुष्यभराची चिंता मिटेल.” मी व्हिडिओचं सॉफ्टवेअर विचारलं होतं, त्यांनी लॅपटॉपचं धर्मांतर सुचवलं.

भाची म्हणाली, “आत्या, लॅपटॉप कशाला? फोनवर कर. १५ सेकंदांची रील. कोण बघतंय त्याच्यापेक्षा जास्त?” तिचा प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला राग आला. आणि फोनवरचं मी केलेलं आहे. एका बारशाचा व्हिडिओ मी व्हिवाव्हिडिओवर केला होता. बोटं बसली, आणि २०२०च्या जूनमध्ये सरकारने ५९ चिनी ॲप्स बंद केली, त्यात ते गेलं. त्याच्या आधी विंडोज मूव्ही मेकर मला उत्तम यायचं. बँकेतले निरोप समारंभ मी त्यावर उरकत असे. फोटो ओढा, गाणं ओढा, काम झालं. ते मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ला बंद केलं. मला जे जमतं ते बंद होतं. आता नवं काही शिकताना मला त्या कंपनीची काळजी वाटते.

‘सर्वांत सोपं’ अशी जाहिरात असलेलं एक मग मी स्वतःच शोधलं. नाव सांगत नाही. खरंच सोपं होतं. क्लिपा ओढल्या, कापल्या, गाणं टाकलं, आणि गावी आईसमोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर कळसूबाई आली. आईचं वय झालंय, आता वर जाणं होत नाही. तिने डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा डोंगराच्या मध्यावर कंपनीचं नाव आडवं उमटलेलं होतं, चांगलं ठळक. “देवस्थानचा बोर्ड लावला का गं इतका मोठा?” तिने विचारलं. वॉटरमार्क काढायचा तर वर्षाची वर्गणी. ती भरायची तर कार्डाचा नंबर. बँकेत जन्म घालवलेली बाई ‘ट्रायल संपल्यावर आपोआप पैसे कापले जातील’ हे वाक्य वाचून सही करत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच सांगत नव्हतं, ती मला खालच्या इंजिनिअरांच्या तोंडून अपघाताने कळली. लॅपटॉप का गुदमरतो, तर दर वेळी तो अख्खा व्हिडिओ उलगडून पुन्हा गुंडाळतो. मला तर फक्त नको ते टाकून द्यायचं असतं. त्यासाठी लॉसलेसकट म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे. तो काहीच उलगडत नाही, आहे तीच फाइल हव्या तिथे तोडतो. १५ जीबीचे ढग काही क्षणांत कापून मोकळा. अट एकच, कट अगदी बोट ठेवू तिथे बसत नाही, जवळच्या की-फ्रेमवर, म्हणजे व्हिडिओत मधूनमधून साठवलेल्या अख्ख्या चित्रावर, सरकतो. ढग सेकंदभर जास्त दिसला म्हणून कुणाचं बिघडत नाही.

मग जोडणं आणि गाणं शॉटकटवर. तेही फुकट, वॉटरमार्क नाही. त्याला प्रॉक्सी करायला सांगितलं की तो प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी नक्कल बनवतो. आपण नकलेवर काम करायचं आणि शेवटी बाहेर काढताना तो असल वापरतो. ही भानगड मला लगेच पटली, कारण आम्हीही आयुष्यभर झेरॉक्सवर टिपणं केली आणि मूळ कागद तिजोरीत ठेवला. गाणं यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं, बासरी. वहिनींना सिनेमातलं हवं होतं, ते कॉपीराइटमध्ये अडकतं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग बासरी तरी मोठ्याने लाव.”

सॉफ्टवेअर मिळालं, आता कापायचं काय? इथे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर कामाला येत नाही. माझ्या हिशोबाने अडीच मिनिटांपुढे कोणी पाहणार नव्हतं. पण आईला जुना आंबा हवा होता. वहिनींना नव्या पत्र्यांचं छप्पर हवं होतं, तेही अशा बाजूने की जावेच्या घराचं कौलारू शेजारी दिसावं. भाच्याला विहिरीवर उभा असलेला तो स्वतः हवा होता, चारही दिशांनी. मला ढगांच्या सावल्या हव्या होत्या. दादाला काहीच नको होतं. “तुला बरं वाटतं ते ठेव,” एवढंच तो म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तयार व्हिडिओ बाहेर काढायला लावला त्या रात्री नवरा दर थोड्या वेळाने येऊन टक्के विचारायचा. ६३वर वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, पण बॅटरी जुनी. आम्ही दोघं अंधारात त्या निळ्या पट्टीकडे पाहत बसलो. “माझ्या पगारवाढीच्या वेळी एवढी धाकधूक झाली नव्हती,” तो म्हणाला. ८१वर वीज आली.

दिवाळीत सगळे गावी जमले तेव्हा व्हिडिओ टीव्हीवर लावला. टीव्ही फोर-के नाही, साधा आहे, त्यामुळे माझ्या चित्रातले तीनचतुर्थांश ठिपके वाटेतच गळाले. ते कुणाला कळलं नाही. ढगांच्या सावल्यांच्या वेळी भाची फोन बघत होती. आंबा आला तेव्हा आई म्हणाली, “बारीक झालाय.” छप्पर आलं तेव्हा वहिनी जावेकडे बघत नव्हत्या, इतक्या की सगळ्यांना कळलं.

आणि अचानक दादा उठून उभा राहिला. “थांब थांब. मागं घे.”

मागे घेतलं.

“अजून मागं. हां. इथं थांबव.” तो टीव्हीजवळ गेला आणि काचेवर बोट ठेवलं. “हे बघ. बांध सरळ येतो, येतो, आणि इथं आत वळतो. दरवर्षी नांगरताना वीतभर कोरतोय तो शेजारी. मी म्हणतो तर कुणाला पटत नाही.”

आम्ही पाहिलं. सावली सरकल्यावर खाचराची कड खरंच आपल्या बाजूला वाकलेली दिसत होती. बासरी वाजत होती.

तेवढा तुकडा त्याने व्हॉट्सॲपवर पाठवायला लावला. व्हॉट्सॲपने तो इतका दाबला की बांध, पाणी आणि शेजाऱ्याचा बैल एकाच रंगाचे झाले. मग डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तेव्हा कुठे त्या फोर-केचं चीज झालं. दादाने फोनवर दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, वहिनींना दाखवलं, माझ्या नवऱ्याला दाखवलं. सणाला आलेल्या आतेभावाला जेवणावरून उठवून दाखवलं. मला एवढी दाद आजवर कुणी दिली नव्हती.

“यावर लाल बाण दाखवता येईल का गं?” त्याने विचारलं. “म्हणजे शेजाऱ्याला नेमकं कळेल. आणि तो बाण लुकलुकायला हवा. आणि बांध पूर्वी कुठनं जायचा, तिथं तुटक रेघ.”

मी पुण्याला मुलाला फोन लावला. बाण, लुकलुक, तुटक रेघ, आणि ड्रोन पुढे सरकतो तसं ते सगळं जमिनीला चिकटून सरकायला हवं, असं सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“आई,” तो म्हणाला, “फ्यूजनचं दालन आठवतंय?”