आत्तीच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

गेल्या आठवड्यात आत्तीनं मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्या. भजनी मंडळाच्या ग्रूपवर मेसेज आला होता: 'निर्वासितांच्या छावण्यांत बायका-मुलांनी 21 दिवस डोळे मिटून कपालभाती केली, मनाचा आघात मुळासकट गेला, औषधं सुटली. जागतिक आरोग्य संघटनेनं सिद्ध केलंय.' निपाणी-चिक्कोडीकडं तो घरोघरी पोचलाय, म्हणून लिहितोय.

संघटनेच्या कार्यक्रमाची एक चाचणी खरंच झालीय. युगांडातल्या ऱ्हायनो छावणीत, दक्षिण सुदानमधून आलेल्या 694 बायकांवर. 2020 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आली. छावणीतल्या निम्म्या गावांतल्या बायकांनी पाच बैठकांत, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत, ताण हाताळायचा सराव केला. त्यात कपालभाती नाही, 21 दिवस नाहीत. तीन महिन्यांनी त्रास कमी झाला, पण थोडा. आणि आत्महत्येचा तातडीचा धोका किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. मग 'औषधं सुटली' कुठनं आलं?

माझं डोकं फिरलं ते पुढच्या ओळीनं. 'रडू आलं तरी थांबू नका, आतला मळ बाहेर पडतोय.' जीव घेऊन पळालेल्या बाईनं डोळे मिटले की तिला तेच सगळं पुन्हा दिसू शकतं. झपाझप श्वासानं छाती धडधडते, गरगरतं, अंगाला वाटतं संकट परत आलं. गरोदर बाईनं, बीपीवाल्यानं कपालभाती करू नये हे गावातला योगशिक्षकसुद्धा सांगतो. छावणीत गरोदर बायका नसतात काय? आघात सोसलेल्यांसोबतचं काम जाणणारे डोळे उघडे ठेवू देतात, दार दिसेल अशी जागा देतात, न विचारता अंगाला हात लावत नाहीत. पाय जमिनीला दाबायचे, हात ताणायचे, श्वास सावकाश सोडायचा. नको वाटलं तर नुसतं बसायचं.

2019 च्या पुरात दूधगंगा घरात शिरली तेव्हा आम्ही शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात होतो. पूरग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हे. आमचं घर चिखलात का होईना, जागेवर होतं. तरी तिथं बघितलेलं विसरत नाही. संध्याकाळी बायका बाकं सरकवून झिम्म्याचा फेर धरायच्या. आत्ती दाराशी, रेशनकार्डाची पिशवी पोटाशी आवळून. कुणी तिला ओढलं नाही. चौथ्या दिवशी बसल्या जागी तिनं टाळी धरली. नंतर उठली, पिशवी कमरेला खोचून फेरात शिरली.

'लहान मुलं विसरतात' म्हणे. मुलं बोलत नाहीत. अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत. त्यांना खेळ लागतो, आणि नजरेसमोर आई.

सावकाश श्वासानं आत्तीला रात्री बरं वाटतं, एवढं खरं. ते तिनं करत राहावं. पण मनाच्या आजाराच्या गोळ्या एकाएकी सोडल्या की झोप उडते, जीव घाबरतो, जुना त्रासही उलटतो. तीन रात्री ती जागीच आहे. पत्र्यावर पाऊस वाजला की उठून कपाटातली पिशवी चाचपते.

सोमवारी तिला डॉक्टरांकडं नेतोय. मेसेज तुम्ही पुढं पाठवला असेल, तर आज त्याच ग्रूपवर लिहा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.