यंत्राची अक्कल मोजायची? पट्टी घरातलीच घ्या

यंत्राला, म्हणजे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, अक्कल किती, हे ठरवायचंच असेल तर उगाच डोकं खाजवत बसू नका. आपल्या पोरांसाठी काढलेला पेपर त्याच्यापुढे सरकवा आणि गुण मोजा. पट्टी कापडाची असली म्हणून काय झालं, तिनं दूध मोजू नये असं कुठं लिहिलंय?

पट्टीचं मूळ मात्र विचारू नका. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धी मोजायची ही चाचणी रचली, ती शाळेत मागं पडणारी मुलं ओळखायला. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, हे बिनेनंच सांगून ठेवलंय. ते पान फाडून टाका.

सुरुवात आकडे ध्यानात ठेवण्यापासून करा. सातच्या पुढं गेलं की माणसाची गाडी अडखळते. यंत्र हजार आकडे न चुकता म्हणतं, तेव्हा टाळ्या वाजवा. (तुमच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्हही म्हणतो. पण त्या बिचाऱ्याचा सत्कार कुणी केला?)

मग परीक्षा घ्या. जुनेच पेपर घ्या, म्हणजे निकाल चांगला लागतो. २०२३मध्ये जीपीटी-४ या अशाच एका यंत्रानं अमेरिकेतल्या वकिलीच्या परीक्षेत वरच्या दहा टक्क्यांत नंबर काढल्याची दवंडी पिटली गेली. त्याच सुमारास कोणीतरी त्याला कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरची सोपी कोडी घातली. २०२१च्या आधीची, म्हणजे शिकताना त्याच्या वाचनात आली असतील अशी, दहाच्या दहा सुटली, ताज्या दहांतलं एकही नाही. आपल्याकडं याला ‘अपेक्षित पाठ करणं’ म्हणतात आणि असं पोर बोर्डात आलं तरी शेजारीपाजारी कुजबुजतात. यंत्राच्या बाबतीत कुजबुजू नका, शेअर घ्या.

एक पथ्य पाळा, ओळखीचं कोडं मोडून विचारू नका. मी ती चूक केली. वाघ, शेळी, गवताची पेंढी आणि नावाडी, हे कोडं यंत्राला तोंडपाठ. मी वाघ काढला, पेंढीही काढली. राहिले नावाडी आणि शेळी, नावेत दोघांना जागा. पलीकडं कसे जातील? यंत्रानं क्रमवार लिहून दिलं: शेळीला पलीकडं सोडा, एकटे परत या, मग पुन्हा जा, शेळीला घेऊन या...

शेजारी आजी वाटाणे सोलत बसली होती. म्हणाली, “अरे, पण दोघं एकदमच बसून जाईनात का!”

आजीचं मनावर घेऊ नका. ती चौथी नापास आहे.