‘आठ तास सांगितले, दहा तास लागले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मधील आपल्या मुंबई–लंडन प्रवासाबद्दल आपण एक तारा देऊन लिहिले आहे, की आमच्या प्रवास कंपनीच्या माहितीपत्रकात उड्डाण आठ तासांचे होते, प्रत्यक्षात दहा तास लागले, जावईबापू लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाच वाजल्यापासून दोन तास ताटकळले, आणि परतीला मात्र नऊच तास लागल्याने आम्ही आपल्याला स्वस्तातल्या लांबच्या मार्गाने पाठवले असावे.

यातील पहिली चूक निःसंशय आमची आहे. मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. त्याला ताशी ९०० ने भागून आमच्या कार्यालयात कोणीतरी ‘८ तास’ असे छापले आणि मी ते न तपासता जाऊ दिले. तिकिटावर पोहोचण्याची वेळ लंडनच्या घड्याळानुसार संध्याकाळी सात अशी बरोबर होती. परंतु दुपारी दीडला निघून सातला पोहोचणे म्हणजे साडेपाचच तास, असे वाटून आपण तिकिटापेक्षा आमच्या कागदावर विश्वास ठेवलात, याचा दोष आपल्याला देता येणार नाही. त्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते (ऑक्टोबरअखेरीपासून साडेपाच), हे आम्ही समजावून सांगायला हवे होते.

लांबच्या मार्गाचा आरोप मात्र मान्य करता येत नाही. सरळ अंतराची रेषा पाकिस्तानवरून जाते, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यामुळे आपल्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. मार्ग विमान कंपनी आणि हवाई वाहतूक नियंत्रण ठरवतात. तिकीट काढणाऱ्याचा त्यात हात नसतो.

जाण्यायेण्यातील तासाभराच्या फरकाचे मुख्य कारण वारा आहे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. समजा, समोरून सरासरी ६० किलोमीटरचा वारा असेल, तर ९०० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ८४० उरतो, आणि परतताना तोच वारा पाठीशी आला की ९६० होतो. एवढ्यानेच ७,२०० किलोमीटरमध्ये तासाहून अधिक फरक पडतो. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा उभे राहीपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या तिच्यातच येतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीच्या दिवसांत शहरातल्या बाळीवेशीतून ‘सात रस्ता’ चौकाला जाणाऱ्या सोलापूरकराला अंतर आणि वेळ यांतले हे नाते निराळे सांगायला नको, पण माहितीपत्रक छापताना आम्हीच ते विसरलो.

भाडे किलोमीटरवर आकारलेले नसल्याने तिकिटाच्या रकमेतून परतावा देता येणार नाही. जावईबापूंना पार्किंगसाठी जो जादा खर्च आला असेल, तो पावती पाठवल्यास आम्ही अवश्य भरून देऊ. जुनी माहितीपत्रके बाद केली असून, नव्यांत अंतराशेजारी वेळापत्रकातील जाण्याची आणि येण्याची वेळ स्वतंत्र, दोन्ही शहरांच्या घड्याळांनुसार दिली आहे.

आपला,
संचालक, सोलापूर