मराठी फॉन्टचा तो पेनड्राइव्ह घेऊ नका

"मराठीचे सगळे फॉन्ट आहेत, पेनड्राइव्ह घेऊन ये." पुण्यात डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडणं) किंवा डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की तो साठा घेऊच नये. त्यात एकच फॉन्ट तीन नावांनी असतो, परवाना एकाचाही नसतो, आणि युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) व बिगर-युनिकोड फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये कालवलेले असतात. या शेवटच्या गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

जुन्या श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट बदलला की मजकुराचा पार चिवडा होतो. श्रीलिपी आणि सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं आयएसएम ही मराठी टायपिंगची दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातलीच, त्यामुळे सदाशिव-नारायण पेठेतल्या छापखान्यांकडे त्या फाइली वर्षानुवर्षांच्या पडून आहेत. म्हणून जुने फॉन्ट फेकायचे नाहीत, वेगळे ठेवायचे. नवं काम मात्र फक्त युनिकोडमध्ये.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलात तर पहिली वेलांटी, रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर हा क्रम फिरवताना जोडाक्षरांपाशी अडखळतो. 'मूर्ती', 'स्थिती', 'वऱ्हाड' असे शब्द शोधून पाहा, घोळ लगेच सापडतो.

आता नवे फॉन्ट कुठून आणायचे? गूगल फॉन्ट्सवर लिपी देवनागरी निवडा. मुक्त, बलू, मोदक, हिंद, पॉपिन्स, खंड, तेको, कलम, यंत्रमानव: एवढ्यातच रोजचं निम्मं काम भागतं. पुस्तकाच्या मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' जरूर बघा. तिथे त्याच घराण्याचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे वेगळे फॉन्ट आहेत, त्यातला मराठीचाच घ्या. यातले बहुतेक फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली येतात. व्यावसायिक कामाला चालतात, छापखान्याला देता येतात. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. अॅडोबी फॉन्ट्सचं तसं नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये पॅकेज केलं, म्हणजे फाइल, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये काढले, तरी ते फॉन्ट त्यात येत नाहीत, समोरच्याकडे स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं. ग्राहकाला हे काम घेतानाच सांगा.

प्रत्येक नवा फॉन्ट साठ्यात घ्यायच्या आधी मी म्हणेन की ही एक ओळ लावून बघाच:

दुसऱ्या वऱ्हाडी मूर्तींना, विठ्ठल, बुद्धी, ब्रह्म, हृदय, ह्रस्व, त्र्यंबक, शाळा, लाल, ॲप, ऑक्टोबर, १५८९ ₹

'मूर्तींना'मध्ये दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. कच्च्या फॉन्टमध्ये ते एकमेकांवर चढतात. 'दुसऱ्या'त 'ऱ्य'चा रफार झाला, तर तो फॉन्ट मराठीचा विचार न करता बनवलेला आहे. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. 'अ'ला वेगळा चंद्र जोडून टाइप केलं तर काही प्रोग्रॅममध्ये मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. श आणि ल नीट न्याहाळा. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितला आहे. पुष्कळ फॉन्टमध्ये ही रूपं असतात, पण प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. शालेय किंवा सरकारी कामात यावरूनच प्रूफ परत येतं.

ओळ बिघडली म्हणून फॉन्टला लगेच दोष देऊ नका. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसेल तर चांगला फॉन्टही वेलांट्या चुकवतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप सेटिंगमध्येही 'वर्ल्ड-रेडी'चा पर्याय असायचा, तो दिसला तर चालू करा.

ठेवायची पद्धत साधीच असू द्या. एका ड्राइव्हवर एकच मुख्य फोल्डर. आत: तपासायचे, युनिकोड मोफत, युनिकोड विकत, जुने श्रीलिपी, जुने आयएसएम, ग्राहकांनी दिलेले. प्रत्येक घराण्याचं स्वतंत्र फोल्डर, आणि त्यातच परवान्याची फाइल व बिलाची पीडीएफ. परवाना फॉन्टपासून वेगळा ठेवलात तर दोन वर्षांनी तो सापडणार नाही.

सगळं विंडोजमध्ये इन्स्टॉल करू नका. यादी लांबते, प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो. फॉन्टबेस किंवा नेक्ससफॉन्टसारखा मॅनेजर घ्या, वरची ओळ त्यात नमुना म्हणून टाका, आणि कामापुरते फॉन्ट चालू करा. गट कामाप्रमाणे पाडा: पुस्तकाचा मजकूर, मथळे, लग्नपत्रिका, पाट्या. 'सेरिफ' (टोकांना शेपट्या असलेले) आणि 'सॅन्स' (शेपट्या नसलेले) या इंग्रजी फॉन्टच्या विभागणीचा देवनागरीत फारसा उपयोग होत नाही.

सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे एकाच नावाच्या दोन आवृत्त्या. फाइलचं नाव बदलून काही होत नाही, प्रोग्रॅम फॉन्टच्या आत लिहिलेलं नाव वाचतो. दोन्ही चालू असतील तर कोणती उचलली जाईल याचा भरवसा नाही, आणि आवृत्ती बदलली की ओळी सरकतात. दिवाळी अंकाच्या शेवटच्या फॉर्मात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात) एक ओळ पुढच्या पानावर गेली की पुढचं सगळं हलतं. म्हणून फॉन्ट फाइलच्या दोन प्रकारांपैकी, ओटीएफ किंवा टीटीएफ, एकच ठेवा. काम चालू असताना आवृत्ती बदलू नका. त्या कामाचे फॉन्ट इनडिझाइन फाइलशेजारी 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा (फोल्डरचं नाव इंग्रजीतच हवं), तिथून ते आपोआप उघडतात.

छापखाना "फाइल कर्व्ह करून द्या" (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या) म्हणाला तर जरूर द्या, पण कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा. कर्व्ह झाल्यावर अनुस्वारसुद्धा टाइप करून दुरुस्त करता येत नाही, आणि अंक मशीनवर चढायच्या आदल्या रात्री एखादा अनुस्वार चुकलेला निघतोच.